तिने घासलेली शेवटची फिन

तो दाराशी उभा होता तेव्हा तिला वाटलं, याच्या हातात तान्हं बाळ आहे.

सकाळपासून पावसाची भुरभुर चालली होती. वारा अगदीच पडला होता, त्यामुळे पाण्यावरची रंगीत शिडं एकेक करून किनाऱ्याला लागत होती. वर्कशॉपच्या पत्र्याखाली चार-पाच जण आडोशाला थांबले होते. त्यांत हा एक उंचच उंच माणूस. टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी घट्ट धरून, त्यावर थेंब पडू नये म्हणून पाठीची कमान करून उभा. स्वतः मात्र नखशिखान्त भिजलेला.

"अहो, बाळाला घेऊन आत या ना! भिजेल ते," ती आतून ओरडली.

तो वळला. टॉवेलाकडे बघितलं, मग तिच्याकडे. आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं की तिला उगाचच हातातला ब्रश खाली ठेवावासा वाटला.

"बाळ नाही हो… फिन आहे."

विंडसर्फिंगच्या बोर्डाच्या, म्हणजे शीड लावलेल्या फळीच्या शेपटीखाली, पाण्यात बुडालेलं जे माशाच्या परासारखं पातं असतं, ती फिन. वर शीड वाऱ्याला धरतं आणि खाली फिन पाण्याला. तिची पकड सुटली की वरचा माणूस कितीही तरबेज असो, बोर्डाची शेपटी बाजूला घसरते आणि तो आडवा होतो. हे सगळं तिला शाळेत जायला लागायच्या आधीपासून माहीत होतं, कारण हे वर्कशॉप तिच्या बाबांचं होतं. तुटके बोर्ड जोडायचे, चिरा बुजवायच्या, फिन घडवायच्या, घासायच्या. बाबांचा हात अलीकडे थरथरायला लागला होता, म्हणून शेवटचा हात आता तीच फिरवायची.

"दाखवा तुमचं बाळ," ती म्हणाली.

त्याने टॉवेल उलगडला. फिन आरशासारखी चमकत होती.

"स्वतः पॉलिश केलीय," तो छाती फुगवून म्हणाला. "वर मेणसुद्धा लावलंय. पाण्याचा थेंब टाकून बघा, मोत्यासारखा घरंगळतो."

तिने थेंब टाकला नाही. फिन उचलून ती ट्यूबलाइटखाली गेली आणि हळूहळू तिरपी करू लागली. फिनमध्ये ट्यूबचं प्रतिबिंब पडलं होतं. पांढरी सरळ रेघ सरकत सरकत मधोमध आली आणि तिथे वाकडी झाली, जरा पुढे पुन्हा सरळ.

"बघितलंत? इथे खळगा आहे. चमक छान आहे हो, पण खाली जमीन उंचसखल. आणि हे…" तिने डोळे मिटले, फिनच्या पुढच्या कडेवरून बोट नेलं आणि मध्येच थांबली. "इथे टवका उडालाय. जोरात असताना शेपटी घसरते ना तुमची?"

त्याच्या कानाची पाळी लाल झाली.

"माझी शेपटी नाही… बोर्डाची," तो पुटपुटला.

ती इतकी हसली की मागच्या खोलीतून बाबा बघायला आले.

*

किनाऱ्यावर सगळे त्याला लंबू म्हणायचे. तो या गावात नवा होता. वाऱ्याचा हंगाम इथे लांब चालतो म्हणून सराव करायला आला होता. हंगामाच्या शेवटी समुद्रापलीकडच्या एका मोठ्या संघाची निवड शर्यत इथेच होणार होती. सकाळी पाण्यावर, दुपारी एका हॉटेलच्या स्वागतकक्षात नोकरी, असा त्याचा दिवस. दुसऱ्याच दिवशी तो फिन न्यायला आला. ती तयार नव्हती. तिसऱ्या दिवशी आला तेव्हाही नव्हती.

"मुद्दाम वेळ लावताय का?" त्याने विचारलं.

"मुद्दाम लवकर येताय का?" तिने विचारलं.

आपण हे बोललो याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. ती मान खाली घालून घासत राहिली. लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळलेला वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा सँडपेपर, बादलीत बुडवायचा, फिनवरून लांब ओढायचा. खळगा तिने आधी भरून घेतला होता. आता जाड कागदाकडून बारीक कागदाकडे, आणि शेवटी नुसतं पाण्याच्या वाहण्याच्या दिशेने.

"आडवं का नाही घासत?"

"आडवा ओरखडा म्हणजे पाण्याच्या वाटेत दगड. उभा ओरखडा राहिला तरी पाणी त्याच्या कडेने निघून जातं."

"मी बघू?"

त्याने हात पुढे केला. तिने तो मनगटाला धरून फिनच्या कडेवर ठेवला. "असं दाबू नका. डोळे मिटा. बोट नुसतं तरंगू दे…"

त्याने डोळे मिटले. त्याचं बोट कडेवरून हळूहळू सरकत गेलं, त्यावर तिचं बोट. बादलीत कागदातून थेंब गळत होते तेवढाच आवाज. कड संपली, तरी दोघांनीही हात उचलला नाही…

"काही लागलं का बोटाला?" तिने विचारलं. आवाज जरा वेगळाच आला.

"काहीच नाही," तो म्हणाला. "आणि भरपूर."

पुढच्या वाऱ्याला तो पाण्यावर गेला. ती वर्कशॉपच्या मागच्या दारातून बघत होती. हे काही तिचं रोजचं नव्हतं, गिऱ्हाईक फिन घेऊन गेलं की तिचा संबंध संपायचा. निळं शीड खाडीच्या या टोकाहून त्या टोकाला एकदाही न अडखळता सुटलं. परत आला तो धावतच, अंगावरून पाणी निथळत.

"घसरली नाही! एकदाही नाही! तुम्ही… तुम्ही काय पॉलिश केलंय हे!"

"पॉलिश नाही केलेलं. घासलंय. चमकतेय का कुठे?"

खरंच, फिन आता धुरकट, निस्तेज दिसत होती, एखाद्या जुन्या पाटीसारखी.

"मग आता चमकवा. आणखी पळेल."

"उलट हळू होईल. बाबा म्हणतात, घासलेलीच पळते."

"पैज?"

"पैज! हरेल त्याने कॉफी पाजायची."

"आणि हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला 'तू' म्हणायचं," तो म्हणाला.

"हे काय भलतंच! मग जिंकणाऱ्याने काय म्हणायचं?"

"त्याने तर आधीपासूनच म्हणावं," लंबू शांतपणे म्हणाला.

तिने फिन बफला, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकाला लावली आणि पुन्हा आरसा केली, यावेळी खालची जमीन सपाट ठेवून. त्याच्या मनगटावर वेग मोजणारं यंत्र होतं. एकसारखा वारा असलेल्या सकाळी तो त्याच अंतरावर पुन्हा पुन्हा धावला. संध्याकाळी दोघं घासलेल्या फिनचे आधीचे आणि चमकवलेलीचे आताचे आकडे शेजारी ठेवून त्यांवर डोकं घालून बसली. फरक काही निघाला नाही. वाऱ्याची एखादी झुळूक जास्त-कमी आली तर जेवढा पडेल, तेवढाच.

तिचा चेहरा पडला. आयुष्यभर ऐकलेली गोष्ट अर्धीच खरी निघाली होती.

"म्हणजे फिन एकदा पुरेशी गुळगुळीत झाली की पुढचं पाण्याला कळतच नाही," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "घासा नाहीतर चमकवा. खळगा आणि टवका तेवढा नको."

"म्हणजे दोघंही हरलो," तो आनंदाने म्हणाला. "दोन कॉफ्या. आणि दोघांनीही 'तू'."

त्या संध्याकाळी धक्क्याजवळच्या टपरीवर कागदी पेल्यांत त्यांनी कॉफी घेतली. तिने तीनदा "तुम्ही" म्हणायला तोंड उघडलं आणि तीनदा जीभ चावली. तो तिला "घासूबाई" म्हणाला. तिने रागवायचं ठरवलं, पण जमलं नाही.

*

मग हंगामभर तो येत राहिला. फिनला काही झालेलं असो-नसो. कधी बोर्डाच्या तळाला चिकटलेलं सनक्रीम पुसायला चिंधी मागायला, तर कधी नुसताच बाबांशी गप्पा मारायला. "काका, बोर्डाचा तळसुद्धा एवढाच घासावा लागतो का?" असं त्याने विचारलं की बाबा खुलायचे. "तळाचं एवढं नाही रे. तळ थोडा खरबरीत असला तर चालतो. मागची धार मात्र जपायची. आणि फिनचे लाड करायचे, सगळे फिनचे." मावशी, म्हणजे आईच्या पाठची, आई गेल्यापासून त्यांच्याकडेच राहणारी, खिडकीतून हाक मारायची, "लंबू, जेवून जा रे!" आणि मग हळू आवाजात भाचीला म्हणायची, "पोरी, या मुलाला फिनचंच कौतुक आहे की आणखी कशाचं?"

"मावशी, गप गं."

त्याला तिचं मान वेळावून कड बघणं आवडायचं. तिला तो फिन टॉवेलात गुंडाळताना घ्यायचा ती काळजी. शर्यत जिंकून त्या संघात गेलो तर काय काय शिकायला मिळेल, हे सांगताना त्याचे हात हवेत शीड धरल्यासारखे व्हायचे. ती ऐकायची. मध्येच तो थांबायचा.

"मी गेलो तर… तू…"

"आधी जिंक तर खरं," ती म्हणायची. आणि विषय बदलायची.

बोलायचं तेवढं राहूनच जायचं. दोघांनाही वाटायचं, हंगाम अजून बराच आहे.

खाज सुटायला लागली ती याच दिवसांत. आधी बोटांच्या बेचक्यांत, मग मनगटांवर. तिला वाटलं, पाण्यात सारखे हात असतात म्हणून असेल. तिने खोबरेल लावलं. मग पाणी भरलेले बारीक फोड आले, फुटले, बोटांची टोकं भेगाळली. कड तपासताना आता भेगेत झोंबायचं. तिने हातमोजे चढवले आणि "थंडीने हात फुटतात" असं सांगून टाकलं. सकाळी उठल्यावर पापण्या जड व्हायला लागल्या, तेव्हा मात्र ती कोणाला न सांगता कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

बाईंनी पाठीवर निरनिराळ्या पट्ट्या चिकटवून पाठवलं. दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या तेव्हा एका चौकोनाखाली कातडी लालभडक होऊन वर आली होती.

"रेझीन," बाई म्हणाल्या. "तुम्ही बोर्ड जोडायला, चिरा बुजवायला लावता तेच. ओलं रेझीन आणि त्याची धूळ, दोन्ही."

"मग औषध किती दिवस घ्यायचं?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "औषधाने हे जाणारं नाही. शरीराने एकदा वैर धरलं की धरलं. आता दर वेळी थोड्याशानेही जास्त त्रास होईल. उद्या श्वासावर आलं तर? हे काम तुम्हाला सोडावं लागेल. कमी करून नाही चालणार. सोडावंच लागेल."

ती घरी चालत आली. वाटेत धक्क्यावर बराच वेळ बसली. तिला दुसरं काहीच येत नव्हतं. डोळे मिटून बोट फिरवलं की काय कुठे चुकलंय ते कळायचं, एवढंच तिचं भांडवल. ते कोणी असं एका वाक्यात काढून घेईल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. बाबांना आज रात्री जेवताना सांगू, तिने ठरवलं. आणि लंबूला उद्या.

वर्कशॉपमध्ये शिरली तर लंबू आधीच येऊन बसला होता. टॉवेल मांडीवर. चेहरा पांढराफटक.

"ओहोटीला खडकावर गेलो," तो म्हणाला. "मूर्खपणा झाला माझा."

टॉवेलात फिनचे दोन तुकडे होते.

बाबा आधीच कपाट धुंडाळून थकले होते. त्या बोर्डाला बसेल, त्या वाऱ्याला चालेल अशी तयार फिन नव्हती. बाहेरून मागवायची तर शर्यत होऊन जाणार. "नवी घडवावी लागेल," बाबा म्हणाले आणि आपल्या थरथरत्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी लेकीकडे बघितलं. लंबूनेही.

"नाही जमलं तर राहू दे," तो घाईने म्हणाला. "पुढच्या वर्षी पुन्हा असेल. कदाचित…"

त्याला खोटं बोलता येत नव्हतं. त्या संघात वयाची अट होती आणि पुढच्या वर्षी तो त्या अटीच्या पलीकडे जाणार होता, हे तिला त्यानेच सांगितलेलं होतं.

"होईल," ती म्हणाली.

*

तिने ती फिन कशी केली, ते तिच्याशिवाय कोणालाच नीट ठाऊक नाही. दोन हातमोजे एकावर एक, तोंडावर मास्क, बाह्यांची तोंडं चिकटपट्टीने बंद. फायबरचे थर रेझीनमध्ये भिजवून साच्यात बसवले. घट्ट झाल्यावर बाहेर काढून आकार दिला. तोवर हात कोपरापर्यंत सुजले होते. पण खरी पंचाईत पुढे होती. शेवटचा हात मोज्यांतून फिरवता येत नव्हता. मोज्यातून बोटाला काही कळायचंच नाही.

तिने उजव्या हाताचा मोजा काढला.

जाड कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक. बादलीतलं पाणी पुन्हा पुन्हा बदललं. भेगांमध्ये ते पाणी गेलं की डोळ्यांत टचकन पाणी यायचं, ती खांद्याला डोळे पुसायची आणि पुढचा हात ओढायची. पाण्याच्या दिशेने, लांब, सलग. पुढची कड तिने कितीदा तपासली याला गणती नव्हती. ही आपल्या हातची शेवटची, हे तिला माहीत होतं. म्हणून असेल, किंवा लंबूची होती म्हणून असेल… काम संपलं असं तिला वाटेना.

शेवटी बंद दाराबाहेरून बाबाच म्हणाले, "आता पुरे गं बाळा. आता पाण्यालासुद्धा कळणार नाही."

लंबू न्यायला आला तेव्हा ती पाठमोरी उभी राहून हत्यारं आवरत होती.

"वळ ना जरा," तो म्हणाला. "शर्यतीआधी तुझं तोंड तरी बघू दे."

"जिंकून ये, मग बघ," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "आता जा. वारा धरायचाय तुला."

तो जरा घोटाळला. मग फिनवर डोळे मिटून एकदा बोट फिरवलं, आणि तो निघाला.

शर्यतीच्या दिवशी ती किनाऱ्यावर आली नाही. लंबूने शेवटची फेरी संपल्यावर गर्दीत तिला खूप शोधलं. निवड झालेल्यांत त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हाही तो लोकांच्या डोक्यांवरून मागेच बघत होता. मग ओल्या कपड्यांनिशी, अनवाणी, तो धावत घरी आला. "घासूबाई! झालं! झालं आपलं!"

दार मावशीने उघडलं. तिचे डोळे रडून लाल झाले होते.

आत खाटेवर ती बसली होती. चेहरा असा सुजलेला की डोळ्यांच्या नुसत्या फटी उरलेल्या. दोन्ही हात थंड पाण्याच्या फडक्यांत गुंडाळलेले. तिने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं आणि हसायचा प्रयत्न केला.

"जिंकलास?"

तो ओल्या पायांनी खाटेपर्यंत आला.

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तिला," मावशी हुंदके देत म्हणाली. "हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं. त्याच दिवशी सांगितलं होतं रे… तू तुटकी फिन घेऊन आलास त्याच दिवशी. आम्हाला कोणाला पत्ता लागू दिला नाही कार्टीने!"

लंबू खाटेजवळ जमिनीवरच बसला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू 'नको' म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो!"

"म्हणून नाही सांगितलं."

त्याने फडक्यांत गुंडाळलेल्या हातांवर कपाळ टेकलं आणि लहान मुलासारखा रडला. दारात बाबा उभे होते. ते फक्त भिंतीला धरून हळूहळू खाली बसले. "मीच दिला तुला हा धंदा," एवढंच त्यांना म्हणता आलं.

*

सूज उतरली. कातडी सोलून निघाली आणि खाली नवी, गुलाबी आली. वर्कशॉपच्या दारापाशी आता ती थांबायची, आत जायची नाही. लंबू रोज यायचा. तिच्यासाठी पुस्तकं आणायचा, मावशीला भाजी चिरून द्यायचा, आणि निघायची तारीख जवळ येत चालली तसा अबोल होत गेला.

एका सुट्टीच्या दुपारी दोघं धक्क्यावर बसली होती. वारा होता, पाण्यावर शिडं होती. तो त्यांच्याकडे बघत नव्हता.

"मी जात नाहीये," तो म्हणाला. "कळवून टाकतो त्यांना. इथेच राहतो. हॉटेलात कायमचं घेतील मला."

तिला हेच तर हवं होतं. रोज दाराशी येणारी ही उंच सावली, हा आवाज, हे "घासूबाई". तोंडून "हो" निघायच्या बेतात होतं. पण तिने त्याच्याकडे बघितलं. त्याचे खांदे पडले होते.

"एक विचारू?" ती म्हणाली. "खरं सांगशील?"

"विचार."

"तू राहतोयस ते माझ्यासाठी… की माझ्या हातांसाठी?"

समोरचं एक शीड वळलं, पार खाडीच्या टोकाला गेलं.

"मला माहीत नाही," तो शेवटी म्हणाला. "मी खूप विचार केला गं. रात्रंदिवस तोच विचार करतो. तू समोर आलीस की आधी तुझे हात दिसतात, मग मला दुसरं काही दिसतच नाही. मला… खरंच माहीत नाही."

तो दुसरं काही म्हणाला असता तरी तिने विश्वास ठेवला असता. पण तो खोटं बोलला नाही, आणि त्या घटकेला तिला तो जितका आवडला तितका आधी कधीच आवडला नव्हता.

"मग जा तू," ती म्हणाली.

"चल ना माझ्याबरोबर. तिथे…"

"तिथे मी कोण? किनाऱ्यावर टॉवेल धरून उभी राहणारी? आजवर कोणी विचारलं तर मी सांगायचे, मी फिन घासते. आता काय सांगू तेच मला कळत नाहीये. ते आधी शोधू दे. आणि तू इथे राहिलास ना, तर रोज सकाळी माझ्याकडे बघून तुला काहीतरी फेडायचंय असं वाटेल. मला नाही रे सोसवायचं ते."

"तू मला हाकलतेयस."

"हो," ती म्हणाली आणि तिने पाण्याकडे तोंड फिरवलं. "हाकलतेय. पटकन जा, नाहीतर जमणार नाही मला."

*

तो गेला त्या सकाळी ढग होते, पण पाऊस नव्हता. बाबांनी आपल्या टेम्पोतून त्याचे बोर्ड बंदरावर पोचवले. मावशीने डबा दिला आणि त्याला खाली वाकायला लावून त्याच्या केसांवरून हात फिरवला. बाबा बोर्ड चढवायला गेले, मावशी टेम्पोकडे परतली आणि बोटीच्या जिन्यापाशी दोघंच उरली. आजूबाजूला सामानाच्या गाड्या, निरोप देणारी माणसं, भोंगा.

"फोन करीन," तो म्हणाला.

"कर. पण रोज नको. रोज केलास तर मी वाट बघत बसेन."

"घासूबाई…"

"थांब. मला बोलू दे." तिने एक मोठा श्वास घेतला. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. आधीच सांगायला हवं होतं, पण तुझी शर्यत होती. मग माझे हात आले मध्ये. तेव्हा सांगितलं असतं तर तू थांबला असतास. आता तू जातोयस, आता सांगायला हरकत नाही. तू थांबावंस म्हणून नाही सांगत. नुसतं तुला माहीत असावं म्हणून."

काहीतरी बोलायला त्याचे ओठ हलले. तिने मान हलवली.

"उत्तर नको देऊस. घाईत दिलेलं उत्तर मला नकोय."

मग त्याने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, अगदी अलगद, आणि तळहातांवर एकेकदा ओठ टेकले. नव्या कातडीला तो स्पर्श फार झोंबला. तिने हात काढून घेतले नाहीत.

भोंगा पुन्हा वाजला. तो जिना चढून गेला. वरच्या कठड्यापाशी तो दिसला, सगळ्यांपेक्षा एक डोकं उंच, त्यामुळे बराच वेळ दिसत राहिला. तिने हात हलवला. बोट वळली तेव्हा तो पाठीमागच्या बाजूला धावत आला आणि दोन्ही हात तोंडाभोवती धरून काहीतरी ओरडला. इंजिनाच्या आवाजात ते तिच्यापर्यंत पोचलं नाही. काय म्हणाला असेल, ते नंतर फोनवर तिने विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. फोन हळूहळू कमी होत गेले.

पण ते सगळं पुढे. त्या सकाळी ती टेम्पोत बाबांच्या शेजारी बसली. मावशी मागे. घराचं वळण आलं, वर्कशॉपचा पत्रा दिसला. ती ताठ बसली होती, मांडीवर हात ठेवून, समोर बघत. "बाबा, दुपारी ते गिऱ्हाईक यायचंय ना," ती म्हणाली. "मी पुढे बसून बोलते त्यांच्याशी. आतलं तुम्ही बघा."

बाबांनी टेम्पो वळवलाच नाही. वळण मागे टाकून ते सरळ पुढे गेले, वस्ती संपून रस्ता नुसता समुद्राच्या कडेने जातो तिथवर. मग एका बाजूला घेऊन त्यांनी इंजिन बंद केलं. त्यांचे थरथरणारे हात चाकावर तसेच होते.

"इथे कोणी गिऱ्हाईक येत नाही," ते म्हणाले. "रड आता."

मागून मावशीचा हात तिच्या खांद्यावर आला. आणि ती रडली.